शेरा : अनुपस्थित

शिक्षक भरतीच्या कागदपत्र पडताळणीच्या टेबलावर माझे काम सोपे होते. समोर छापील यादी, यादीत नाव, नावापुढे तीन रकाने. मूळ कागद पाहिले, झेरॉक्स घेतली, उमेदवाराची सही घेतली. जो आला नाही त्याच्या ओळीत लाल शाईने एकच शब्द लिहायचा, ‘अनुपस्थित’.

२०१९ चा ऑगस्ट. ‘पवित्र’ या सरकारच्या शिक्षक भरती पोर्टलची पहिली निवड यादी त्या महिन्यात लागली, आणि त्याच महिन्यात कोल्हापूर-सांगली पाण्याखाली गेली. आमच्या कोकणातल्या टेबलाचा दिवस पूर ओसरल्यानंतरचा होता, पण घाट अजून धड नव्हते. संध्याकाळी सहा वाजून गेले होते, आम्ही गठ्ठे बांधत होतो, शिपायाने पंखेही बंद केले होते. तेव्हा दारात एक मुलगी आणि तिचे वडील येऊन उभे राहिले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळकडचे. फाइल खताच्या गोणीत गुंडाळलेली. आत दहावीच्या गुणपत्रकावरची शाई पसरून निळा ढग झालेला, डी.एड.चे प्रमाणपत्र जातीच्या दाखल्याला चिकटलेले, आणि दोन्ही कागद चुलीशी वाळवल्यामुळे कडेने तपकिरी पडलेले. वडील म्हणाले, “साहेब, काल सकाळी निघालोय. रस्ताच नव्हता वो.”

मी म्हणालो, “वेळ संपली. वर विचारा.”

वर म्हणजे कुठे, हे मलाही माहीत नव्हते. तिच्या नावापुढे शेरा दुपारीच पडला होता, माझ्याच हाताचा. ते दोघे गेल्यावर शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, “चला, घाटावरची एक कमी झाली.” आणि खोटे कशाला बोलू, मीही हसलो.

त्या हसण्यामागे काय आहे ते कोकणाबाहेरच्या वाचकाला सांगायला हवे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या जिल्हा परिषद शाळांत घाटावरून, मराठवाड्यातून शिक्षक येतात, काही वर्षे काढतात आणि आंतरजिल्हा बदली घेऊन गावी जातात. जागा पुन्हा रिकामी. इथली डी.एड. झालेली पोरे तोवर गोव्यात हॉटेलात किंवा मुंबईत कुरिअरमध्ये. स्थानिकांना प्राधान्य द्या, ही मागणी घेऊन इथे आंदोलने झाली, आणि ती उगाच झालेली नाहीत. पण टप्पा चुकल्यावर जो सुरा फिरतो तो घाटावरचा आणि खालचा ओळखत नाही. पुढच्या भरतीत तो आमच्याच वाडीतल्या एका मुलावर फिरला. त्याने पोर्टलवर प्राधान्यक्रम भरले, ‘सेव्ह’ केले आणि निर्धास्त झाला. नंतर मला म्हणाला, “काका, मी सगळा भरलंय, पण लॉक करूचा ऱ्हवला.” लॉक न केलेले प्राधान्यक्रम मशीन विचारात घेत नाही. त्याच्यापेक्षा कमी गुणांचे लोक यादीत आले. मग त्याच्यासाठी वर्गणी काढून वकील गाठायची भाषा सुरू झाली, आणि त्यात सगळ्यात पुढे तोच सहकारी होता.

माझे म्हणणे थोडक्यात असे. भरतीत दोन जातीचे टप्पे असतात. काही टप्प्यांवर उमेदवाराची पारख होते. बाकीच्या टप्प्यांवर खात्याचे कागद जुळवले जातात. पहिल्या जातीचा टप्पा चुकला तर संधी गेली, यात कुणाची तक्रार असू नये. दुसऱ्या जातीचा चुकला तर उमेदवाराला काहीतरी किंमत मोजावी लागली पाहिजे, पण ती किंमत अख्खी नोकरी असता कामा नये. आज आपल्याकडे दोन्हींना एकच शिक्षा आहे, आणि ती टाळायची तर हायकोर्ट हा एकच रस्ता ठेवलेला आहे.

टप्पे मोजून पाहा. आधी डी.एड. किंवा बी.एड. मग टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, जी महाराष्ट्रात १५ डिसेंबर २०१३ ला पहिल्यांदा झाली. मग अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, दोनशे गुण, दोन तास. इथवर पारख झाली, उमेदवाराची लायकी ठरली. यापुढे पोर्टलवर स्वप्रमाणपत्र भरायचे, ते प्रमाणित करायचे, प्राधान्यक्रम तयार करून लॉक करायचे, शिफारस यादी लागली की जिल्ह्याच्या ठिकाणी मूळ कागद घेऊन हजर राहायचे, समुपदेशनाला शाळा निवडायची, आणि आदेश मिळाल्यावर मुदतीत रुजू व्हायचे. या उत्तरार्धात कुणी जास्त हुशार किंवा कमी हुशार ठरत नाही. गुण तेच राहतात. जे आधीच ठरले आहे त्याची नोंद होते, एवढेच. तरीही बाद होण्याचे बरेचसे रडगाणे याच उत्तरार्धातले आहे.

हरकत मला ठाऊक आहे, कारण वीस वर्षे मीच ती घेत आलो. मुदत म्हणजे मुदत. एकाला सूट दिली की दहा उभे राहतात. आणि शिक्षक भरतीत ढिलाई केली की काय होते ते आपण पाहिले आहे. २०१९-२० च्या टीईटीतला घोटाळा डिसेंबर २०२१ मध्ये पुणे पोलिसांनी उघडकीला आणला, आणि साडेसात हजारांवर उमेदवार अपात्र ठरले. पैसे देऊन गुण वाढवले होते. त्यानंतर खाते प्रत्येक कागदाकडे संशयाने पाहू लागले, ते साहजिकच होते. पण गंमत अशी की त्या घोटाळ्यातली मंडळी एकही मुदत चुकली नव्हती. त्यांचे फॉर्म वेळेवर, फोटो पासपोर्ट साइजचे, सह्या चौकटीत. मुदतीच्या काटेकोरपणाने लबाड गाळला जात नाही, कारण लबाडाकडे सांभाळून घेणारा माणूस असतो. गाळला जातो तो ज्याच्या घरात चिखल शिरला आहे, ज्याच्या मोबाइलला रेंज मिळवायला सड्यावर, म्हणजे वरच्या कातळमाळावर, जावे लागते, किंवा जिचे माहेरचे नाव गुणपत्रकावर आणि सासरचे आधारवर आहे.

या शेवटच्या प्रकाराबद्दल तर स्वतंत्र लेख होईल. आमच्याकडे लग्नात मुलीचे पहिले नावसुद्धा बदलतात. सुनीता जाधवची एका दिवसात स्नेहल मोरे होते. मग राजपत्र आणा, प्रतिज्ञापत्र आणा, विवाह नोंदणीचा दाखला आणा. दाखला ग्रामपंचायतीत, ग्रामसेवक तीन गावांचा, तो कोणत्या वारी कुठे बसतो ते त्यालाही आदल्या दिवशी कळते. असो.

कायदा याबाबत काय म्हणतो? कायदा दोन तोंडांनी बोलतो, पण त्यात एक सूत आहे. १९८० मध्ये केरळच्या वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशाच्या खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी भेद स्पष्ट केला होता. पात्रता ठरलेल्या तारखेपर्यंत अंगी असणे ही खरी अट, तिचा पुरावा त्याच तारखेला जोडला की नाही ही त्यामानाने दुय्यम गोष्ट. २००५ मध्ये ओडिशाच्या वैद्यकीय प्रवेशाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच पुन्हा सांगितले. २०१६ मध्ये दिल्लीतल्या परिचारक भरतीत ओबीसीचा दाखला मुदतीनंतर दिलेल्या उमेदवाराला न्यायालयाने आत घेतले. माणूस जन्माने ज्या जातीचा आहे, तो दाखल्याच्या तारखेला त्या जातीचा होत नाही, असा त्यातला साधा विचार.

उलट बाजूही तितकीच खरी. २०२३ मध्ये नागरी सेवा परीक्षेतल्या आर्थिक दुर्बल घटकाच्या दाखल्याबाबत त्याच न्यायालयाने सांगितले की मुदतीत दाखला नसेल तर सवलत नाही. म्हणजे जात जन्माची, पण उत्पन्न दरवर्षीचे, त्यामुळे तिथे कागद आणि पात्रता इतकी सहज वेगळी करता येत नाही. नॉन क्रीमीलेअरचे, म्हणजे मागासवर्गीयाच्या उत्पन्नमर्यादेच्या दाखल्याचे, घोडे नेमके या दोहोंच्या मधे अडते. आमचे कुणबी, भंडारी, गाबीत उमेदवार जातीचा दाखला छातीशी धरून येतात, आणि नॉन क्रीमीलेअर मात्र ३१ मार्चला संपलेले असते.

चुकीच्या नोंदींबाबत न्यायालय अलीकडे मवाळ झाले आहे. २ जानेवारी २०२४ ला बिहार पोलीस भरतीतल्या एका उमेदवाराच्या खटल्याचा निकाल लागला. ऑनलाइन अर्जात त्याची जन्मतारीख १८ डिसेंबरऐवजी ८ डिसेंबर पडली होती. त्या दहा दिवसांनी त्याला कसलाच फायदा झाला नव्हता, सगळे टप्पे त्याने पार केले होते, तरी नापास ठरवलेला. न्यायालयाने चूक क्षुल्लक मानून त्याला नोकरी द्यायला सांगितले. त्याच वर्षी सप्टेंबरात धनबादच्या आयआयटीत प्रवेश मिळालेल्या, उत्तर प्रदेशातल्या एका मजुराच्या मुलाचे प्रकरण गाजले. साडेसतरा हजार रुपये जमवता जमवता शेवटची वेळ आली, पोर्टल बंद झाले, जागा गेली. सर्वोच्च न्यायालयाने घटनेच्या कलम १४२ खाली त्याला जागा देवविली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही. पण १४२ चा अधिकार फक्त सर्वोच्च न्यायालयाचा. तो खास औषधासारखा आहे, रेशनवर मिळत नाही. दिल्लीपर्यंत जो पोचला त्याचे काम झाले. त्याच्यासारखेच मिनिटांनी चुकलेले बाकीचे किती, हे कोण मोजणार?

मला सगळ्यात जास्त खटकते ते इथेच. न्यायालय दिलासा देते तो बहुतेक वेळा अर्जदारापुरता. एकाच दिवशी, एकाच कारणाने दोघे चुकले. एकाच्या चुलत्याची मुंबईत चाळीत का होईना खोली आणि ओळखीचा वकील, दुसरीच्या घरी गाय गाभण. पहिला सहा महिन्यांनी शिक्षक होतो, दुसरी बचत गटाची वही लिहिते. नियम कडक आहे की मऊ, हा प्रश्न नंतरचा. आज तो ज्याच्या खिशात वकिलाची फी आहे त्याच्यासाठी मऊ आहे.

त्यात शिक्षकाला खालचे दार नाही. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याला मॅट, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, आहे. जिल्हा परिषदेचा शिक्षक तिथे बसत नाही, त्याला एकदम घटनेच्या कलम २२६ खाली हायकोर्ट. ऑगस्ट २०२५ पर्यंत आम्हाला हायकोर्ट म्हणजे मुंबई. आता १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच चालू झाले आहे, आणि रत्नागिरी, सिंधुदुर्ग तिकडे जोडले आहेत. रत्नागिरीहून आंबा घाटाने सव्वाशे-दीडशे किलोमीटर, सकाळची एसटी धरली तर दुपारच्या आत कोर्टात. फार मोठी सोय झाली, ती नाकारण्यात अर्थ नाही. (मंडणगडवाल्याला मात्र कोल्हापूरपेक्षा मुंबईच जवळ होती.) पण कोर्ट जवळ आले म्हणून चुकलेल्या बटणाचा निवाडा कोर्टानेच करावा, हे काही पटत नाही.

कारण कोर्टात गेल्यावर शाळेचे काय होते ते पाहा. अंतरिम आदेशात अनेकदा एक वाक्य असते : निकाल लागेपर्यंत एक जागा रिक्त ठेवावी. मंत्रालयात बसून वाचले तर हे वाक्य निरुपद्रवी आहे. हजारो जागांतली एक. पण शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक. आमच्या वाड्यावस्त्यांवर पटच पंधरा-वीस. तिथे एक जागा रिकामी राहिली म्हणजे निम्मी शाळा रिकामी राहिली. उरलेला एक गुरुजी पहिली ते चौथी एका खोलीत घेऊन बसतो, मतदार यादीचे (बीएलओचे) काम आले किंवा तालुक्याला बैठक निघाली की शाळेला कुलूप. एक वर्ष असे गेले की पालक मुलाला तालुक्याच्या इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीत बसवतात. पट दहाच्या खाली येतो, आणि मग शाळा बंद करायचा प्रस्ताव तयार होतो. जिच्यासाठी तंटा चालला होता ती जागाच निकालाआधी संपते.

आणि वाद कोर्टात गेलाच नाही तरी फार वेगळे घडत नाही. शिरोळच्या त्या मुलीची जागा खरे तर यादीतल्या पुढच्या माणसाला मिळायला हवी होती. मिळाली नाही. रिक्त म्हणून पुढच्या भरतीत ढकलली गेली. पुढची अभियोग्यता चाचणी झाली २०२३ मध्ये, आणि तिची शिफारस यादी आली फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस. म्हणजे माझ्या लाल शाईच्या एका शब्दाने ती गेली, तिच्या मागचा गेला, आणि एक शाळा साडेचार वर्षे एकशिक्षकी राहिली. शिस्त पाळून आम्ही मिळवले काय?

या अंतरामुळेच शिक्षा एवढी जड होते. पहिली चाचणी २०१७ ला, दुसरी २०२३ ला, तिसरी २०२५ ला. रेल्वे चुकली तर पुढची संध्याकाळी आहे म्हणून आपण हळहळतो आणि चहा पितो. इथे पुढची गाडी कधी दोन वर्षांनी तर कधी पाच-सहा वर्षांनी, आणि वय खुल्या प्रवर्गाला ३८, मागासवर्गीयांना ४३ पर्यंत. चौतिसाव्या वर्षी समुपदेशन चुकलेल्याला तुम्ही ‘पुढच्या वेळी ये’ म्हणता तेव्हा त्याचा अर्थ ‘कधीच येऊ नको’ असा होतो. भरती दरवर्षी ठरल्या महिन्यात झाली असती, तर मी हा लेख लिहिला नसता. मग मुदत कितीही कडक ठेवा.

२०२५ च्या चाचणीला डी.एड., बी.एड.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्यांनाही बसू दिले, हे चांगले झाले. अट अशी की उत्तीर्ण झाल्याची माहिती मुदतीत द्यायची. पण निकाल लावणे विद्यार्थ्याच्या हातात असते काय? आमची बी.एड.ची कॉलेजे मुंबई विद्यापीठाची, आणि २०१७ साली त्या विद्यापीठाचे निकाल महिनोन्महिने कसे रखडले ते इथल्या घराघराला आठवते. सरकारच्या एका हाताने उशीर केला आणि दुसऱ्या हाताने त्या उशिराची शिक्षा पोराला दिली, असे होऊ नये म्हणून एक ओळ पुरे : मुदत निकालाच्या तारखेपासून मोजावी.

वीजबिलाचे उदाहरण घ्या. बिलाची तारीख टळली तर विलंब आकार लागतो. जोडणी तोडायची असेल तर वीज कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे आधी पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. चारशे रुपयांच्या बिलासाठी कायद्याने पंधरा दिवस दिले आहेत. आयुष्यभराच्या नोकरीसाठी आम्ही त्या मुलीला दिला पूर ओसरल्यानंतरचा एक दिवस, साडेदहा ते सहा.

म्हणून पडताळणी, समुपदेशन, रुजू होणे या टप्प्यांना पंधरा दिवसांच्या आत एक राखीव दिवस जाहिरातीतच लिहून ठेवावा. आधी लिहून ठेवणे महत्त्वाचे, कारण खेळ सुरू झाल्यावर नियम बदलता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ७ नोव्हेंबर २०२४ ला राजस्थानच्या प्रकरणात पुन्हा ठासून सांगितले आहे. राखीव दिवशी जो येईल त्याने किंमत मोजावी : शाळा निवडायचा हक्क त्याचा गेला. सगळ्यांनी निवडून उरलेली, होडीने जायची किंवा तीन किलोमीटर चढाची शाळा त्याला. खऱ्या गरजूला ती चालते. बहाणेबाज आपोआप गळतो, त्यासाठी वैद्यकीय दाखले तपासत बसायला नको. राखीव दिवसही चुकला की सोळाव्या दिवशी यादीतल्या पुढच्या उमेदवाराला बोलावणे जाईल, जागा पुढच्या भरतीला जाणार नाही. निवड यादीत नाव आले म्हणजे नेमणुकीचा अबाधित हक्क मिळाला असे नाही, हे १९९१ पासून ठरलेले आहे. मागच्या उमेदवाराचाही विचार करायचा तर कुठेतरी रेघ ओढावी लागेलच. माझी रेघ तिथे.

पोर्टलवरचे तर आणखी सोपे. गॅस नोंदवला की मेसेज येतो, बँकेतून शंभर रुपये गेले की मेसेज येतो. प्राधान्यक्रम सेव्ह आहेत पण लॉक नाहीत, असा मेसेज शेवटच्या तीन दिवसांत रोज गेला तर आमच्या वाडीतल्या त्या मुलाला सड्यावर चढायला वेळ मिळाला असता. आणि तरीही मुदत संपलीच, तर सेव्ह केलेला शेवटचा क्रम लॉक झाला असे मशीनने धरावे. यात कुणाच्या गुणाला धक्का लागत नाही.

गुणांच्या बाबतीत मात्र मी एक इंच हलणार नाही. चाचणीला उशिरा पोचला, तर परत पाठवा. टीईटीत एक गुण कमी पडला, तर नापास. सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ ला सेवेतल्या शिक्षकांनाही टीईटीची अट लावली, ज्यांची सेवा पाच वर्षांहून जास्त उरली आहे त्यांना दोन वर्षांची मुदत दिली. आमच्या संघटनांना ते कडू लागले. पण तिथेही न्यायालयाने मुदत दिली, एका दिवसात कुणाला घरी पाठवले नाही, ही गोष्ट संघटनांनी आणि खात्याने, दोघांनीही नीट वाचावी.

आणि शेवटी ते ‘वर’. जिल्ह्यात असा एक अधिकारी हवा ज्याच्यापुढे चुकलेला उमेदवार त्याच आठवड्यात उभा राहील, आणि जो हो किंवा नाही, कारणासह, सहीशिक्क्याने लेखी देईल. नाही म्हटले तरी चालेल. कारण लिहिलेले असले की पुढे कोर्टात जायचे की नाही हे त्याला ठरवता येते, आणि कोर्टालाही वाचायला काहीतरी मिळते. माझ्या यादीत ‘अनुपस्थित’च्या पुढे जागा उरत नव्हती. पूर, रस्ता, भिजलेले कागद, संध्याकाळी सव्वासहाला हजर झाली, यातले काही त्या कागदावर नाही. कुणी आज माहितीच्या अधिकारात ती यादी काढली, तर त्याला दिसेल की ती मुलगी आलीच नव्हती, आणि खाली साक्षीला माझी सही आहे.